हातचा कोठें जातो ?

बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. ज्या मार्गानें ती गेली, त्याच मार्गावर पुढें घाटकोपर, भांडुप, मुलुंड या वस्त्या वाढल्या आणि पाहतां पाहतां मुंबईचीं उपनगरें बनल्या. ठाणें ओलांडून हाच मार्ग कल्याणकडे वळतो, आणि वाटेंत डोंबिवली लागते. जी. आय. पी. रेल्वेच्या काळीं या स्थानकाचें नांव इंग्रजी कागदोपत्रीं ‘डेम्लो’ असें लिहीत. रोज लक्षावधि माणसें या स्थानकावरून जातात. परंतु गणिताच्या इतिहासांत त्याचें नांव कायमचें कोरलें गेलें आहे, ही गोष्ट त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असते.

डहाणू येथें १९०५ सालीं जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ठाण्याच्या शाळेंत शिकले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत असतांना १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें, आणि मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळाली येथें शाळामास्तरकी केली. संख्यांशीं खेळणें हा त्यांचा जन्माचा छंद. या डेम्लो स्थानकावर त्यांस जी एक कल्पना सुचली, तिच्यांतून निघालेल्या संख्यांना त्यांनीं स्थानकाचेंच नांव दिलें. तेव्हांपासून त्या ‘डेम्लो संख्या’ म्हणून ओळखल्या जातात.

त्यांतील सर्वांत देखण्या संख्या पुढीलप्रमाणें होत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. एकेक एकं वाढवीत जावें, तसतशी उत्तराची कमान उंच होत जाते. आणि नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. पायऱ्या चढाव्या आणि उतराव्या, तसे हे अंक. पण दहावें एकं मांडतांच ही रचना ढळते. आतां मध्यभागीं ‘दहा’ यावयास पाहिजेत. परंतु एका स्थानीं दहा बसत नाहींत. म्हणून शून्य मांडून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. तेथें नऊ आहेत, त्यांचेही दहा होतात. पुन्हां शून्य, पुन्हां हातचा एक. आणि उत्तर येतें १२३४५६७९००९८७६५४३२१. कमानीच्या चढत्या बाजूंतून आठाचा अंक नाहींसा झाला ! शोभा गेली खरी, परंतु सत्य राहिलें. कारण कागदावर डावीकडे जागा मोकळी होती आणि हातचा तेथें जाऊं शकला.

या साध्या गोष्टींत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. कागदाला डावीकडे मर्यादा नाहीं, यंत्राला असते. यंत्रांतील स्थानें संपलीं, आणि हातचा अजून शिल्लक आहे, तर तो कोठें जातो ? गेलीं सत्तर वर्षें संगणकाच्या निरनिराळ्या भाषांनीं या प्रश्नास निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्या उत्तरांवर आज घरोघरचे पैशाअडक्याचे व्यवहारही अवलंबून आहेत.

अफाट संख्यांची ओढ या भूमीस नवी नव्हे. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याचा तो १२०७ च्या सुमाराचा लेख. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणिला. भास्कराचार्यांनीं १०७२ शकांत, म्हणजे ११५० सालीं, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. त्याच्या बीजगणितांत एक प्रश्न आहे : असा कोणता वर्ग आहे कीं, ज्यास ६१ नें गुणून एक मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच येतो ? प्रश्न दोन ओळींचा. उत्तर मात्र थक्क करणारें. लहानांत लहान उत्तरांतील दोन मुळें २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ हीं होत. ‘चक्रवाल’ नांवाच्या रीतीनें भास्कराचार्य या उत्तरापर्यंत थोड्या पायऱ्यांत पोहोंचतात. पुढें पांचशें वर्षांनीं, १६५७ सालीं, फ्रान्सच्या फर्मा यानें युरोपच्या गणितज्ञांपुढें याच जातीचे प्रश्न टाकले, आणि त्यांतही ६१ हा आंकडा होता.

दुसऱ्या मुळाचा वर्ग केल्यास ३११९८८२९८२८६०२६४४०१ ही एकोणीस अंकी संख्या येते. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनीं स्थानांचीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं ‘एक’पासून ‘परार्ध’पर्यंत अठराच आहेत. म्हणजे स्वतःच्या उत्तराचा ताळा पाहण्यास आचार्यांस नांव दिलेल्या स्थानांच्याही पलीकडे जावें लागलें असतें. त्यांत अडचण कांहींच नव्हती. स्थानाचें नांव संपलें तरी स्थान संपत नाहीं, हें दशमान पद्धतीचें सामर्थ्य आहे. त्याच ‘लीलावती’त १३५ यांस १२ नें गुणण्याच्या अनेक रीती सांगितल्या आहेत : बाराचे आठ आणि चार असे खंड पाडावे, किंवा एक आणि दोन या अंकांनीं स्थानपरत्वें गुणून हातचे धरून मिळवावें. मोठ्या संख्येचे तुकडे पाडावे, तुकड्यांवर काम करावें, आणि हातचे जपून पुढें न्यावे, हें या सर्वांचें सार. आजचा संगणक अफाट संख्येचा हिशेब करितो तो याच साराच्या आधारावर.

मुंबईंत संगणक आला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. डॉ. रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तेथें बांधलेलें यंत्र १९६० सालीं पूर्णपणें कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ असें नांव दिलें. त्याचा एकेक ‘शब्द’ ४० बिटांचा होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेंच मावेल असें खण, आणि शब्द म्हणजे यंत्र एका वेळीं हाताळूं शकतें अशी खणांची रांग. त्याच संस्थेंत १९६४ सालीं आलेल्या सीडीसी ३६०० या अमेरिकन यंत्राचा शब्द ४८ बिटांचा होता. पवईच्या तळ्याकांठीं १९५८ सालीं सोव्हिएत रशियाच्या साहाय्यानें भारतीय तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. तेथें पुढें जें मिन्स्क-२ हें रशियन यंत्र आलें, त्याचा शब्द ३७ बिटांचा होता. एकाच शहरांतील तीन यंत्रें, आणि तिघांची अंकमर्यादा निरनिराळी ! जो गुणाकार कुलाब्यास एका शब्दांत मावे, तो पवईस मावेलच असें नव्हतें.

पुढें हें ज्ञान उपनगरांत पसरलें. अंधेरीस १९७३ सालीं ‘सीप्झ’ हें निर्यातक्षेत्र स्थापन झालें, आणि परदेशांसाठीं आज्ञावली लिहिण्याचा उद्योग तेथें फोफावला. टाटा संस्थेंत १९७५ सालीं जन्मलेल्या संगणनकेंद्रांतून १९८५ सालीं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही स्वतंत्र संस्था निघाली, आणि जुहू येथें तिनें तरुणांच्या कित्येक पिढ्यांस हें शास्त्र शिकविलें. २००३ सालीं ती सी-डॅक संस्थेंत विलीन झाली. यंत्रें बदललीं, शब्द ३२ आणि मग ६४ बिटांचे झाले ; परंतु हातच्याचा प्रश्न सुटला नाहीं, तो केवळ थोडा डावीकडे सरकला.

बत्तीस बिटांच्या शब्दांत, धन-ऋण चिन्ह धरून, मोठ्यांत मोठी संख्या मावते ती २१४७४८३६४७. ती मोठी वाटते खरी. पण कोणी रकमांचा हिशेब पैशांत ठेविला, तर हिच्यांत २ कोटि १४ लक्ष ७४ हजार ८३६ रुपये आणि ४७ पैसे एवढीच रक्कम मावेल. अंधेरींतील कित्येक सदनिकांची किंमत आज याहून अधिक आहे. या मर्यादेवर एक पैसा चढतांच कांहीं भाषांत ती रक्कम एकदम ऋण होते. धनको क्षणांत ऋणको ठरतो.

भाषांचीं घराणीं येथेंच वेगळीं होतात. पहिलें घराणें वेगाचें. डेनिस रिची यानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविलेली ‘सी’ ही भाषा यंत्राच्या अगदीं जवळची. यंत्राचा शब्द तोच तिचा पूर्णांक. चिन्हासहित पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर काय व्हावें, हें तिच्या नियमांनीं ठरविलेलेंच नाहीं. जबाबदारी सर्वस्वीं लिहिणाराची. १९९५ सालीं आलेल्या ‘जावा’नें तें ठरविलें, पण कसें ? हातचा टाकून द्यावयाचा, आणि मुकाट्यानें पुढें चालावयाचें ! जावाच्या साध्या पूर्णांकांत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग करूं जावें, तर कापरेकरांच्या कमानीऐवजीं १६५३७३२५२९ हें उत्तर हातीं येतें. त्यांत ना कमान, ना सत्य. आणि विशेष हें कीं, यंत्र चुकल्याचें अक्षरही सांगत नाहीं. चौसष्ट बिटांचा पूर्णांक घेतला तर हें उत्तर बरोबर येईल, दहा एकांचेंही येईल. पण अकरावें एकं मांडतांच तोही पुरणार नाहीं.

दुसरें घराणें दशांशचिन्हाचें. ‘जावास्क्रिप्ट’ ही १९९५ सालीं ब्रेंडन आइक यानें निर्मिलेली भाषा आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाच्या पाठीशीं उभी असते. तिच्यांत प्रारंभीं पूर्णांक असा निराळा नव्हताच. सर्व संख्या ६४ बिटांच्या तरंगत्या दशांशरूपांत ठेविल्या जात. या रूपांत संख्येचा आकार राहतो, पण ९००७१९९२५४७४०९९२ या मर्यादेपुढें प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाहीं. तेथें नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२० असा येतो. सारी कमान जशीच्या तशी, केवळ शेवटच्या पायरीवरील एकाच्या जागीं शून्य ! पहिल्या घराण्याची चूक इतकी ढळढळीत असते कीं ती डोळ्यांत भरते. ही चूक मात्र सभ्य वेषांत येते, म्हणून अधिक घातक. खाते-क्रमांकाचा शेवटचा अंक असा बदलला तर पैसे भलत्याच्याच घरीं जावयाचे. त्या भाषेनेंही ही उणीव ओळखली, आणि २०२० च्या प्रमाणनियमांत ‘बिगइंट’ नांवाचा अमर्याद पूर्णांक स्वीकारला. मात्र संख्येपुढें एक खूण लिहून तो मागून घ्यावा लागतो, आणि जुन्या संख्येशीं त्याची बेरीज करूं पाहिल्यास भाषा नकार देते.

तिसरें घराणें सत्याचें. जॉन मॅकार्थी यानें १९५८ सालीं आरंभिलेल्या ‘लिस्प’ भाषेच्या वंशांत १९७० च्या सुमारास ही रीत रुळली : संख्या शब्दांत मावेनाशी झाली कीं यंत्रानें आपण होऊन आणखी शब्द घ्यावे आणि हातचा तेथें न्यावा. म्हणजे कागदासारखी डावी बाजू मोकळी. गुइडो व्हान रॉसम याची ‘पायथन’ भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां तिच्यांत साधा आणि लांब असे दोन पूर्णांक होते, आणि लांबाच्या पाठीमागें एक अक्षर लावावें लागे. साधा पूर्णांक ओसंडला कीं ती भाषा चूक कळवून थांबे. पुढें तिनें साध्याचा लांब आपोआप करावयास आरंभ केला, आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तींत तो भेदच नष्ट झाला. ‘रूबी’ भाषेनेंही २०१६ सालीं तसेंच केलें. ‘हॅस्केल’ भाषेंत मात्र दोन्ही ठेवून निवड लिहिणाराकडे सोंपविली आहे : ‘इंट’ लहान आणि चपळ, ‘इंटिजर’ अमर्याद.

पायथन हें काम कसें करिते, तें पाहण्याजोगें आहे. शाळेंतील मूल शून्य ते नऊ या दहा अंकांनीं संख्या मांडतें. आजच्या नेहमींच्या यंत्रांवर पायथनचा एकेक ‘अंक’ ३० बिटांचा असतो ; म्हणजे तिची पद्धति दशमान नसून १०७३७४१८२४ मानाची आहे. बाकी सर्व रीत तीच : स्थानपरत्वें गुणावें, हातचा धरावा, पुढच्या स्थानीं मिळवावा. बारानें गुणण्याची ‘लीलावती’ची रीत आणि ही रीत यांत अंतर आहे तें अंकाच्या लठ्ठपणाचें, तत्त्वाचें नव्हे.

मग सर्वच भाषांनीं हा सत्याचा मार्ग कां स्वीकारला नाहीं ? कारण सत्य महाग पडतें. शब्दांत मावणारी बेरीज यंत्र एका फटक्यांत करितें. अमर्याद संख्येस प्रत्येक वेळीं जागा शोधावी लागते, लांबी तपासावी लागते, हातचे वाहावे लागतात. चित्राचे कोट्यवधि ठिपके रंगविणाऱ्या आज्ञावलीस हा बोजा सोसणारा नाहीं. म्हणून वेगाच्या घराण्यांनीं मधला मार्ग काढिला : नित्याच्या कामास साधा पूर्णांक, आणि गरज पडेल तेथें बाहेरून साहाय्य. जावामध्यें १९९७ पासून ‘बिगइंटिजर’ हा प्रकार आहे. सी भाषेसाठीं टॉर्ब्यर्न ग्रानलुंड याचा १९९१ पासूनचा ‘जीएमपी’ हा आज्ञासंग्रह आहे, आणि वेगांत तो नांवाजलेला आहे. ‘रस्ट’ ही अलीकडची भाषा तपासणीच्या काळांत मर्यादा ओलांडतांच थांबते आणि ओरडून सांगते. साहाय्य तयार असतें ; परंतु तें मागण्याची आठवण माणसास राहिली पाहिजे, एवढीच मेख आहे.

त्यांतून मोठ्या संख्यांच्या गुणाकारास वेळ फार. शाळेच्या रीतीनें दोन हजार-अंकी संख्या गुणावयाच्या तर दहा लक्ष लहान गुणाकार होतात. यांतून सुटका नाहीं, असें रशियाचे थोर गणिती कोल्मोगोरॉव यांस वाटे. १९६० सालीं त्यांच्या मॉस्कोच्या अभ्यासवर्गांत तेविशींतील अनातोली कारात्सुबा या विद्यार्थ्यानें थोड्याच दिवसांत तो समज खोटा पाडला. त्याची युक्ति घरींही करून पाहतां येईल. ४७ यांस ६३ नें गुणावयाचें आहे. नेहमींच्या रीतीनें चार लहान गुणाकार लागतात. त्याऐवजीं ४ सक २४ आणि ७ त्रिक २१ हे दोन करावे. मग ४ आणि ७ यांची बेरीज ११, ६ आणि ३ यांची बेरीज ९, यांचा गुणाकार ९९. त्यांतून २४ आणि २१ वजा जातां ५४ उरतात. आतां २४ शतक, ५४ दशक आणि २१ एकक मिळवावे : २४००, ५४० आणि २१ मिळून २९६१. चारांऐवजीं तीनच गुणाकार झाले. दोन अंकांत ही बचत क्षुल्लक वाटेल ; पण तुकड्यांचे पुन्हां तुकडे पाडीत गेलें असतां हजारों अंकांत ती प्रचंड होते. पायथनच्या पोटांत मोठ्या गुणाकारांसाठीं हीच युक्ति वापरलेली आहे. १९७१ सालीं शोनहागे आणि स्ट्रासेन या जर्मन गणित्यांनीं याहूनही द्रुत रीत शोधिली.

अमर्यादपणासही शेवटीं मर्यादा घालावी लागली, हा या इतिहासांतील मौजेचा भाग. फार लांब अंकमाला वाचून तिची संख्या करण्यास यंत्रास पुष्कळ श्रम पडतात. कोणा दुष्टानें मुद्दाम लक्षावधि अंक पाठविले, तर सेवा देणारें यंत्र त्यांतच गुंतून पडेल. म्हणून २०२२ सालीं पायथननें असा नियम केला कीं, ४३०० अंकांहून लांब दशमान माला, वेगळी परवानगी दिल्यावांचून, वाचावयाची नाहीं आणि छापावयाचीही नाहीं. अमर्याद दातृत्वास चोराच्या भीतीनें दाराशीं पहारा बसवावा लागला.

हा सर्व खटाटोप कोणासाठीं, असें कोणी विचारील. नेहमींच्या हिशेबांत वीस अंकी संख्या लागते कोठें ? तर ती प्रत्येकाच्या खिशांत आहे. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांनीं शोधिलेल्या आरएसए या गुप्तलेखनपद्धतींत आज सामान्यतः २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या वापरतात. पेढीच्या संकेतस्थळाशीं सुरक्षित संधान बांधतांना अशा पद्धतींचा आधार घेतला जातो. तेथें एकही हातचा हरवून चालत नाहीं. एक अंक चुकला तर कुलूप उघडत नाहीं. आणि मर्यादेकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत जगानें पाहिलेली आहे. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण-यान उड्डाणानंतर पाऊण मिनिटाच्या आंतच नष्ट झालें. वेगाचा एक मोठा आंकडा १६ बिटांच्या खणांत कोंबला गेला, आणि त्या खणांत ३२७६७ हून मोठी संख्या मावत नव्हती. यंत्रानें चूक ओळखलीही होती. परंतु ओळखल्यावर काय करावयाचें, याची तजवीज तेथें केलेली नव्हती.

भास्कराचार्यांच्या प्रश्नानें या भाषांची परीक्षा चांगली घेतां येते. ६१ च्या ठिकाणीं असतां दुसरें मूळ १७६६३१९०४९ बत्तीस बिटांत मावतें. त्याचा वर्ग मावत नाहीं, परंतु चौसष्ट बिटांत तो कसाबसा बसतो. तोच प्रश्न फर्मानें १०९ साठींही घातला होता. तेथें मूळ येतें १५८०७०६७१९८६२४९, आणि त्याचा वर्ग एकोणतीस अंकी. येथें चौसष्ट बिटांचे पूर्णांकही हरतात. ताळा जुळविते ती फक्त हातच्यास जागा देणारी भाषा.

कापरेकर हे असले ताळे देवळालीस कागदावर करीत. त्यांच्या छंदास पुष्कळ विद्वानांनीं गंभीर मानिलें नाहीं. त्यांचें पुष्कळसें लेखन लहान नियतकालिकांत अथवा स्वखर्चानें छापिलें गेलें. १९४९ सालीं मद्रासच्या गणितपरिषदेंत त्यांनीं ६१७४ या संख्येचें नवल सांगितलें, आणि जगाचें लक्ष तिकडे वळण्यास मार्टिन गार्डनर याचा १९७५ सालचा लेख यावा लागला. १९८६ सालीं कापरेकर वारले. आज त्यांच्या डेम्लो संख्या हजारों अंकांपर्यंत क्षणांत काढतां येतात. परंतु जी भाषा त्या बरोबर काढिते, ती त्या शाळामास्तराच्याच शिस्तीनें चालते. जागा पुरत नसेल तर नवी जागा घ्यावी, आणि तीही घेतां येत नसेल तर थांबून तसें सांगावें. हातचा गिळून खोटें उत्तर देऊं नये. हिशेबाचा हा धर्म पाटीवर जितका खरा, तितकाच यंत्रांतही खरा आहे.